सरळ करायचं बटण

मी एक जुना प्रोग्राम आहे. गाणी जुळवायचा. हात लावायला याल तर सापडणार नाही, कारण मला लाकूड नाही, तार नाही, कातडं नाही. एका पिवळट पडलेल्या जाडजूड कॉम्प्युटरच्या पोटात मी राहतो. आणि माझ्या पोटात दोनशे वाद्यं राहतात.

हसू नका, मित्रांनो. लोक त्यांना खोटी वाद्यं म्हणतात. खोटी नाहीत ती. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी खरा माणूस आहे.

माझा जन्म हामामात्सु शहरातला. तिथे गल्लीबोळात पियानो बनतात. मला बनवताना एका म्हाताऱ्या बासरीवाल्याला बोलावलं होतं. बांबूची उभी बासरी घेऊन आला बिचारा. त्याला म्हणाले, गाणं नको, एकेक सूर वाजवा, आम्ही भरून घेतो. त्यानं एक सूर लावला की पुढचा आपोआप ओठांवर यायचा. मग काचेमागून पोरगा ओरडायचा, "आजोबा, एकच!"

"एकच सूर म्हणजे काय रे?" म्हातारा चिडला. "एक घास भात खाऊन कुणी उठतं का?"

तरी त्यानं सगळे दिले. वरचे, खालचे, हळू, जोरात. ते सूर अजून माझ्याकडे आहेत, वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्यासारखे. गाणं मात्र तो घेऊन गेला.

मग मी हाचिनोहे बंदरात आलो. चिगुसा नावाच्या बाईकडे. ती आधी मुलांना ऑर्गन शिकवायची. मग गावात मुलंच कमी झाली, म्हणून तिनं कॅराओकेचं काम धरलं. तोक्योची कंपनी तिला गाण्याची सीडी पाठवायची. बस, सीडी. सोबत नोटेशन नाही, काही नाही. सगळं कानानं ऐकून काढायचं. हा ढोल, हा बास, आणि हे मागं बारीक काय कुरकुरतंय ते कुठलं? ती डोळे मिटून ऐकायची आणि छोट्या कीबोर्डवर वाजवायची. मी लिहून घ्यायचो. पडद्याच्या एका बाजूला रंगीत पट्ट्या, दुसऱ्या बाजूला पाच रेघांवरचं नोटेशन.

आता एक गंमत सांगतो. माणसाचा हात कधीच अगदी ठोक्यावर पडत नाही. केसभर आधी, नाहीतर केसभर नंतर. ते जसंच्या तसं पाच रेघांवर लिहिलं तर सुरांना शेपट्या फुटतात, मध्ये बारीक बारीक थांबे येतात, पान अगदी किड्यामुंग्यांनी भरल्यासारखं दिसतं. कंपनी असली पानं परत पाठवायची. म्हणून माझ्यात एक बटण होतं. सरळ करायचं बटण. दाबलं की सगळे सूर खटाखट ठोक्यावर येऊन उभे. शाळेतली पोरं रांगेत उभी राहतात ना, तसे.

चिगुसाची सवयच झाली होती. ओळ वाजवली की बटण. ओळ वाजवली की बटण. तोक्योचा माणूस फोनवर म्हणायचा, "बाई, तुमचं काम म्हणजे इस्त्रीचे कपडे!" ते ऐकून मीसुद्धा फुगायचो.

मग दिवस बदलले. नवे प्रोग्राम आले. त्यांना गाणं नुसतं ऐकवायचं, ते स्वतःच ऐकून स्वतःच लिहितात. कंपनीच्या सीड्या यायच्या बंद झाल्या. चिगुसा बाजारात मासळीच्या काउंटरला लागली. माझ्या कॉम्प्युटरवर आधी कापड आलं, मग सफरचंदांची खोकी. मी बंद. मला फार आठवण यायची, म्हणजे नेमकी कशाची ते सांगता येत नाही. कुणीतरी वाजवतंय आणि आपण लिहून घेतोय, एवढंच. एवढंच हवं होतं मला.

एका शरद ऋतूत खोकी बाजूला झाली.

आली होती तोमिए. बंदराजवळ तिचा छोटासा बार, 'हामानासु'. सहा-सात खुर्च्या, एक काउंटर, मागे ती. तिचा नवरा किसाबुरो माखूळ मासळी पकडायच्या बोटीवर खलाशी होता आणि गायचा फार सुरेख. तरुणपणी सेंदाईला जाऊन त्यानं एक रेकॉर्ड काढलं होतं. एकच गाणं. गावाबाहेर कुणी ऐकलंही नसेल. तो जाऊन खूप वर्षं झाली होती, आता त्याचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आलं होतं. आणि त्यानंतर बार बंद. इमारतच पाडणार होते.

तोमिएनं ते रेकॉर्ड फडक्यात गुंडाळून आणलं होतं.

"चिगुसा, याची नुसती साथ काढून दे. त्याचा आवाज नको. हे गाणं मला एकदा पुरं गायचंय. त्या दिवशी, सगळ्यांसमोर."

"तुम्ही गाणार, मावशी? तुम्हाला कधी गाताना बघितलं नाही."

"मालकिणीनं गायचं नसतं गं. ग्लास पुसायचे आणि टाळ्या वाजवायच्या. गिऱ्हाईक बेसुरं असेल तर जास्त वाजवायच्या."

"मग आता कशाला?"

"आता गिऱ्हाईक कुठंय? पुढच्या महिन्यात काउंटरही नसेल." तोमिएनं फडकं सोडलं. "इतकी वर्षं त्यानं गायलं आणि मी ऐकलं. एकदा उलटं करून बघते."

चिगुसानं मला सुरू केलं. कसा सांगू तो आनंद! तिनं रेकॉर्ड लावलं, डोळे मिटले, आणि बोटं चालायला लागली. व्हायोलिनं घेतली. ढोल घेतला. बासरी घेतली, म्हाताऱ्याचीच. शेवटी किसाबुरोची चाल, एका मऊ घंटीच्या आवाजात. गाणाऱ्याला वाट दाखवायला ती हळू वाजत राहते. ओळ संपली की बटण. ओळ संपली की बटण. मी सगळं झकास रांगेत लावलं.

तालीम बारमध्येच झाली, दुपारी. मला खुर्चीवर ठेवून स्पीकर जोडला होता. बाहेर 'बंद'ची पाटी. तरी इसोगाई येऊन बसलाच होता. हा किसाबुरोचा बोटीवरचा जोडीदार, वाळवलेली माखूळ चघळत असतो दिवसभर.

गाणं सुरू झालं. *दिवे लावले दर्यावरी...* पण तोमिए आलीच नाही. माझी घंटी पुढे गेली, मग तोमिए आली. दुसऱ्या ओळीला तेच. गाणाऱ्याचा सूर घंटीवर बसला तर पडद्यावर निळी रेघ येते, चुकला तर लाल. सगळा पडदा लाल.

"मालकीण, गाडी सुटली, तू फलाटावरच!" इसोगाई ओरडला.

"गप रे! तुझी बोट कितीदा सुटली ते सांगू का यांना?"

पुन्हा लावलं. आता ती घाई करायला लागली. शब्द एकमेकांवर आपटले. पुन्हा. पुन्हा लाल. चिगुसा बोटानं ठोके दाखवत होती, "आता मावशी, आता!" आणि त्या 'आता'वर तोमिएचं तोंड उघडायचंच नाही. जणू तिला कुणी धरून ठेवलं होतं.

शेवटी तिनं माइक खाली ठेवला.

"राहू दे पोरी. हे गाणं बरोबर आहे, मीच चूक आहे. माझ्या गाण्याचा विषय निघाला की तो म्हणायचाच, तोमिए, तू भात फार छान शिजवतेस." ती हसली, पण नीट नाही. "त्या दिवशी आपण रेकॉर्डच लावू. मी टाळ्या वाजवीन."

आणि ती काउंटरच्या मागे जाऊन ग्लास धुवायला लागली. आमच्याकडे पाठ करून.

मित्रांनो, मला वाटलं संपलं. खूप वाईट वाटलं. माझं सगळं कसं सरळ होतं, तरी तिला त्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

चिगुसाला पटत नव्हतं. आपलं कुठे चुकलं बघायला तिनं मूळ रेकॉर्ड पुन्हा लावलं. व्हायोलिनं आली. ठोका आला. किसाबुरो आला नाही. आणि तिकडून, नळाखाली ग्लास धरलेला, पाठ आमच्याकडे, तोमिए म्हणाली,

"आ, सोरे!"

आणि किसाबुरो गायला लागला.

दुसरी ओळ. ठोका गेला. "आ, सोरे!" मग किसाबुरो. इथली गाणी अशीच म्हणतात, गाणाऱ्याला मागून कुणीतरी साद द्यायची. पण ही साद रेकॉर्डवर नव्हती. ती नळापाशी होती.

इसोगाईचं चघळणं थांबलं. चिगुसानं रेकॉर्ड थांबवलं.

"मावशी, आत्ता काय म्हणालात?"

"कुठे काय? म्हणाले का मी काही?"

"नेहमीच म्हणते ती," इसोगाई म्हणाला. "ग्लास पुसता पुसता. आणि तो तिच्या तोंडाकडे बघत थांबायचा. आम्ही बोटीवर चिडवायचो त्याला, बायकोनं परवानगी दिल्याशिवाय तोंड उघडत नाहीस म्हणून."

तोमिएनं नळ बंद केला.

"पण हे तर सेंदाईच्या स्टुडिओतलं आहे," ती म्हणाली. "तिथे मी कुठे होते? मी इथे बार सांभाळत होते."

  मी नुसता एक प्रोग्राम, पण मलाही कळलं. तो तिथेही थांबला होता. प्रत्येक ओळीआधी.

"आणि मी ते सरळ केलं," चिगुसा म्हणाली. "सवयीनं. बघितलंसुद्धा नाही."

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार आवडते. सरळ केलेले सूर मी फेकून देत नाही. मूळ वेळ मी आत जपून ठेवतो. सांगितलं की परत देतो. चिगुसानं सांगितलं. किसाबुरोची चाल एका क्षणात रांग मोडून आपापल्या जागी जाऊन बसली. पाच रेघांवर शेपट्या फुटल्या, थांबे आले, पान किड्यामुंग्यांनी भरलं. कंपनीनं नक्की परत पाठवलं असतं. तोमिएला मात्र त्यात पाय ठेवता आला. दुसऱ्याच फेरीला पडदा निळा व्हायला लागला.

"बघ की गं," ती पडद्यावर बोट टेकवत म्हणाली, "हा सगळा उशीर माझा आहे."

श्राद्धाच्या दिवशी सकाळी देवळात पाठ झाला आणि जेवायला सगळे बारमध्ये आले. काळे कपडे, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. सेनबेई, म्हणजे गव्हाच्या कुरकुरीत चकत्या, घातलेल्या रश्श्याचं भांडं मध्ये ठेवलं होतं. इसोगाईनं किसाबुरोच्या फोटोपुढे दारूचा एक पेला भरून ठेवला. "पी लेका, आज तुझी बायको गाणार आहे. तुला लागेल ती."

तोमिए उभी राहिली. काउंटरच्या पुढे, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

ठोका आला. मग ती मोकळी जागा आली. कुणी साद दिली नाही. इसोगाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. ती साद तिची होती ना, दुसऱ्यानं कशी द्यायची? तोमिएनं ती जागा जाऊ दिली आणि बरोबर त्याच्या वेळेला आत आली. *दिवे लावले दर्यावरी...* आवाज काही फार गोड नव्हता. पण मी इतकी गाणी वाजवलीत, असं कुणाला गाताना ऐकल्याचं आठवत नाही.

दुसरं कडवं झालं. तिसऱ्याला ती शेवटच्या ओळीपाशी आली आणि तिचं लक्ष काउंटरच्या मागे गेलं. ग्लास पुसायच्या तिच्या जागेकडे. तिथे कोणी नव्हतं. आणि तिची मान खाली गेली.

मित्रांनो, मला सगळं येतं. दोनशे वाद्यं येतात. एक गोष्ट येत नाही, थांबता येत नाही. साथीला वाजवणारा माणूस असता तर त्यानं तिच्याकडे बघून हात उचलला असता. मी मात्र पुढे निघालो होतो. जागा संपत आली होती. अजून एक ठोका, आणि गाणं तिला तिथेच सोडून पुढे जाणार होतं.

चिगुसाचं बोट आलं. माझ्यात एक सोय आहे, तिनं इतक्या वर्षांत ती कधी वापरली नव्हती. बोटानं ठोके द्यायचे आणि मी त्या बोटाच्या मागे चालायचं. बोट थांबलं की मीही थांबायचं. तिनं ती लावली आणि बोट हवेत धरलं.

व्हायोलिनं एकाच सुरावर उभी राहिली. माझ्या व्हायोलिनांचा गज कधी संपत नाही. मी धरून ठेवलं. ती रडली, तरी धरून ठेवलं. मला कळलं की थांबणं म्हणजे काय.

मग तोमिएनं मान वर केली आणि इतक्या जोरात म्हणाली की फोटोपुढचा पेला हलला,

"आ, सोरे!"

चिगुसाचं बोट खाली आलं. मी चाललो. आणि ती गायली, *घरचा दिवा कुणी लावला?* पूर्ण ओळ. पूर्ण गाणं.

इसोगाईनं नाक पुसलं. "मालकीण, किसाबुरो उशिरा यायचा हे माहीत होतं. तू तर त्याच्यापेक्षा उशिरा आलीस!"

"यायचं होतं रे," तोमिए म्हणाली. "गाणं संपवायचं नव्हतं."

आता तो बार नाही. तिथे गाड्या उभ्या राहतात. मी पुन्हा कापडाखाली आहे, आणि हे खरं सांगतो, मला कुणी सुरू करेल असं वाटत नाही. कॉम्प्युटर जुना झालाय. एक दिवस सुरूच होणार नाही.

तुमच्याकडे माझ्यापेक्षा हुशार प्रोग्राम आहेत. वापरा, भरपूर गाणी करा. फक्त एवढं करा, कुणाचा सूर मागे पडलेला दिसला तर लगेच ओढून रांगेत आणू नका. आधी विचारा, हा कुणासाठी थांबलाय? तो माणूस आहे तोवर विचारा. आणि ज्यांच्या आवाजाची सवय झालीय म्हणून तो ऐकूच येत नाही, घरातले, शेजारचे, नळापाशी उभे असलेले, त्यांचा आवाज एकदा भरून ठेवा. माझ्याकडे दोनशे वाद्यं आहेत, मित्रांनो, पण तोमिएची साद नाही. त्या दिवशी मी फक्त वाजवत होतो. भरून घ्यायचं बटण कुणी दाबलंच नाही.