खोबरेल मुरलेला होल्स्टर

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, आणि पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं. मोहन्याच्या एका घरात, लोखंडी कपाटात, गोदाबाईंच्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात पडून राहणारा मी एक होल्स्टर आहे. होल्स्टर म्हणजे कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं, रिव्हॉल्व्हर ठेवायचं कातडी घर. आमच्याकडे मला सगळे 'कव्हर' म्हणतात. मोबाइललाही कव्हर, गादीलाही कव्हर आणि मलाही कव्हर! पण ते असो. आता माझ्या पोटात काही नाही. जे होतं ते सरकारजमा झालं. मागे राहिलो मी, आणि माझ्या अंगात मुरलेलं खोबरेल.

मूळचा मी म्हशीच्या पाठीचं कातडं. बाभळीच्या सालीच्या पाण्यात कित्येक महिने भिजून भिजून मी घट्ट झालो आणि गुंडाळी होऊन धारावीच्या एका दुकानात जाऊन पडलो. तिथे मला ह्युबर्टने निवडलं. हा ह्युबर्ट कळव्याचा. पूर्वी मोहन्याच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून घराच्या गॅलरीत त्याने चामड्याचं काम मांडलं. बायको क्लारा वासाने वैतागायची, पण तो कुठला ऐकायला!

दुकानदाराने त्याला आधी दुसरंच कातडं दाखवलं होतं. मऊ, गुळगुळीत, चकचकीत. ह्युबर्टने ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. ते रसायनात झटपट कमावलेलं होतं. त्याची पर्स छान होते, पण त्यात लोखंड ठेवलं तर लोखंड गंजतं. मग त्याने माझ्यावर नख दाबलं. नखाची खूण उमटली आणि तशीच राहिली. खूण धरून ठेवतं ते कातडं आकारही धरून ठेवतं, हे त्याला ठाऊक होतं. निवड झाली म्हणून मी किती फुशारलो म्हणून सांगू!

गॅलरीत माझी घडण सुरू झाली. ह्युबर्टने आधी रापीला धार लावली. रापी म्हणजे कातडं कापायची रुंद पात्याची सुरी. बोथट रापी हात कापते आणि धारदार रापी कातडं कापते, असं तो क्लाराला सांगत होता. क्लारा मासे साफ करत होती, तिला हे सांगायची काही गरज नव्हती. मग त्याने टोकदार आरीने टोचून एकेक भोक पाडलं, दोऱ्याला मेण चोळलं आणि दोन सुया घेऊन शिवायला बसला. एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा. एक दोरा तुटला तरी दुसऱ्याने धरून ठेवावं म्हणून. माझ्या तोंडाशी त्याने आतून कातड्याची आणखी एक जाड पट्टी शिवली. कडा ओल्या करून लाकडाने घोटघोट घोटल्या. शेवटी मला कोमट पाण्यात बुडवलं, सागाच्या लाकडाचं रिव्हॉल्व्हर आत सारलं आणि अंगठ्यांनी दाबून दाबून मला त्याचा आकार दिला. मला उन्हात नाही, पंख्याखाली नाही, सावलीत वाळवलं. वाळलो तेव्हा मी करवंटीसारखा कडक झालो होतो. वाजवलं तर टकटक आवाज यायचा.

माझे मालक रघुशेठ. ह्युबर्ट आणि ते एकाच कारखान्यात, एकाच पाळीत काम केलेले. पुढे रघुशेठच्या वडिलोपार्जित जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि रघूचे रघुशेठ झाले, तरी ह्युबर्ट त्यांना रघूच म्हणायचा. जमिनीबरोबर जमिनीची भांडणं आली आणि भांडणांबरोबर लायसन्सचं रिव्हॉल्व्हर आलं. भांडण निम्मं आणि हौस निम्मी, असं आपलं माझं मत.

मला द्यायला ह्युबर्ट मोहन्याला आला तेव्हा गोदाबाई आत चहा टाकत होत्या. रघुशेठ फोनवर होते.

"रघू, फोन ठेव नि आयक," ह्युबर्ट म्हणाला. "रिकामा असला तरी याचा तोंड उघडा रायला पायजे. तोंड मिटला का कव्हर मेला, मग तो वापरायचा नाय. तेल तर अजिबात लावू नको. वर्षान एकदा मेण लाव, तो पन बोटभर."

रघुशेठनी मान डोलावली आणि फोनवरच्या माणसाला म्हणाले, "हां, बोल." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! चहा घेऊन गोदाबाई बाहेर आल्या तेव्हा बोलणं संपलं होतं. मित्रांनो, चहा जरा लवकर उकळला असता तर, असं मला आजही वाटतं.

सुरुवातीचे दिवस मोठे सुखाचे होते. रघुशेठ शर्टाखाली मला लावून लग्नांना, जत्रेला, जमिनीच्या मोजणीला जायचे. चार माणसांत हत्यार मिरवू नये असा कायदा आहे, म्हणून शर्ट बाहेर काढलेला. पण बसताना तो नेमका वर सरकेल अशा बेताने ते बसायचे. कुणीतरी विचारायचं, कव्हर कुठून घेतलं. मग ते ह्युबर्टची तारीफ करायचे आणि कळव्याला आणखी एक ऑर्डर जायची.

आणि मग गोदाबाईंनी मला जीव लावला.

गोदाबाईंचे सासरे मिठागरात राबलेले. खारं पाणी पायांची सालं काढतं. म्हणून सासूबाई पहाटे सासऱ्यांच्या पायांना तेल चोळायच्या आणि उरलेलं त्यांच्या वहाणांना. मीठ कातडं खातं नि तेल कातडं राखतं, हे त्या घरातलं बोलणं. नवी नवरी असताना गोदाबाईंनी ते शिकून घेतलं. मिठागरं गेली, सासू-सासरे गेले, पण शिकवण राहिली. दर शनिवारी त्या मुलीच्या, करिश्माच्या केसांना खोबरेल लावायच्या आणि हाताला उरलेलं तेल माझ्या अंगावर पुसायच्या. नवऱ्याच्या कमरेची वस्तू, ती राखायलाच हवी. उन्हाळ्यात तर तेल चांगलं मुरावं म्हणून मला गच्चीत उन्हातही ठेवायच्या.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला ते फार आवडलं. मी काळाभोर झालो, चमकायला लागलो. पाहुणे म्हणायचे, अजून नवं दिसतं हो! गोदाबाईंचा चेहरा उजळायचा. पण अति तिथे माती. हळूहळू मला आतून काहीतरी सुटत चालल्यासारखं वाटू लागलं. टकटक आवाज यायचा तो येईना. रिव्हॉल्व्हर काढलं की माझं तोंड सैलावू लागलं, मग कलू लागलं, आणि एका पावसाळ्यानंतर ते मिटलंच. आतली पट्टीसुद्धा भिजल्या पोळीसारखी लुळी पडली. रघुशेठ रिव्हॉल्व्हर आत घालताना बोटाने माझं तोंड उघडायचे. त्यांना वाटायचं, जुनं झालं की असंच होतं.

मी काय करणार होतो? दर शनिवारी तो मायेचा हात यायचा आणि मी मनातल्या मनात ओरडायचो, नको गोदाबाई, नको. मुकी बिचारी कुणीही हाका, म्हणतात ना, तशातली माझी गत. एकदा गणपतीला ह्युबर्ट दर्शनाला आला होता. मी कपाटात आणि तो दाराबाहेर. त्याने विचारलं, कव्हर कसं आहे. रघुशेठ म्हणाले, एक नंबर, गोदा जपते त्याला. ह्युबर्टला बरं वाटलं. मला बघायला मागावं असं त्याच्या मनात आलं नाही. मोदक खाऊन तो निघून गेला.

त्यानंतर मयूरची हळद आली. मयूर म्हणजे रघुशेठचा पुतण्या. आंबिवलीला त्यांच्या अंगणात मांडव, बाया धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गात होत्या, बेंजो वाजत होता. दिवस मावळायचा होता. नवरदेवाला हळद लावायला वाकायचं, तेव्हा कमरेला टोचतं म्हणून रघुशेठनी आतल्या खोलीत जाऊन रिव्हॉल्व्हर काढून कपाटात ठेवलं. मी मात्र त्यांच्या पट्ट्यालाच राहिलो. रिकामा, तोंड मिटलेला. हळद लावून झाली. ते परत खोलीत आले, हात हळदीने आणि तेलाने माखलेले. बाहेरून पोरं ओरडत होती, काका चला, काका नाचायला चला. रघुशेठ हसत दाराकडे बघत होते आणि न बघता रिव्हॉल्व्हर माझ्यात कोंबत होते.

माझी कड आत दुमडली. दुमडून घोड्याच्या जागेत शिरली, जिथे माणसाचं बोट असतं. रिव्हॉल्व्हर अडलं. मी सगळा जीव एकवटून ताठ राहायचा प्रयत्न केला, पण माझ्यात ताठपणा उरलाच नव्हता. रघुशेठनी जोर लावला.

बाहेर बेंजो वाजत होता, त्यामुळे पुष्कळांना फटाका वाटला. गोळी मांडीतून शिरून गुडघ्यात गेली होती.

रघुशेठ वाचले, मित्रांनो. पण गुडघा गेला तो गेलाच. सगळ्या हळदींत पुढे नाचणारा तो माणूस आता वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जातो. ते कुणाला दोष देत नाहीत. मीच न बघता घातलं, चूक माझीच, असं सगळ्यांना सांगतात.

पण पंचनाम्याच्या वेळी पोलिसाने मला उलटंपालटं केलं होतं. तो सहज म्हणाला, "याला तेल किती पाजलंय? तोंडच मिटलंय." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. गोदाबाई दारात उभ्या होत्या.

त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. करिश्माच्या केसांना तेल लावणं बंद झालं. खोबरेलाची बाटली त्यांनी माळ्यावर टाकली. नवरा म्हणतो चूक माझी, पण तो तर जन्मभर सगळं स्वतःवरच घेत आलाय, हे त्यांना माहीत होतं. रात्रंदिवस त्यांच्या मनाला एकच प्रश्न. तो नवऱ्याला विचारायची हिंमत नव्हती. पुढे पोलिसांकडून मी घरी परत आलो, तेव्हा त्यांनी करिश्माला सांगून ह्युबर्टला बोलावून घेतलं.

ह्युबर्ट आला. रघुशेठ पलंगावर बसले होते. गोदाबाईंनी मला त्याच्या हातात दिलं. त्याला मला नाकाशी न्यावंही लागलं नाही. वास खोलीभर होता. त्याने माझं तोंड बोटांनी उघडलं आणि सोडलं. ते मिटलं. त्याच्या हाताला कळलं ते मला त्याच्या हातातून कळलं. घडवणाऱ्या हातापासून काय लपणार?

"ह्युबर्टभाऊ, खरा सांगा मना," गोदाबाई म्हणाल्या. "मी दर शनवारी तेल लावीत होते याला. त्यानं झाला का ह्यो?"

रघुशेठनी मान वर केली. बहुधा मला घेतलं त्या दिवशीचा फोन त्यांना आठवला असावा. ते काही बोलणार, तेवढ्यात ह्युबर्ट बोलला.

"तेलान काय होते, वयनी? तेल चांगलाच असते. कातडाच हलका होता. दुकानात मी फसलो. आनी तोंडाला आतून एक पट्टी मारायची असते, ती मी मारली नाय. कंटाळा केला."

हे बोलताना त्याचा अंगठा त्याच पट्टीवर होता.

गोदाबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. किती वेळ रडत होत्या. मग डोळे पुसून त्यांनी ह्युबर्टकडे पाहिलं. "भाऊ समजून तुमच्यावं विसवास टाकला होता आमी," त्या म्हणाल्या. ह्युबर्टने मान खाली घातली. मला दुरुस्त करायला घेऊन जाऊ का, असं त्याने विचारून पाहिलं. त्या नको म्हणाल्या. तो निघाला तेव्हा त्याला कुणी चहा विचारला नाही. रघुशेठ मात्र तो दाराबाहेर जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

आता गोदाबाई जेवतात. रात्री त्यांना झोप लागते. भेटेल त्याला सांगतात की त्या कळव्यावाल्याचं काम कच्चं, हलकं कातडं वापरतो, त्याच्याकडे जाऊ नका. ऐकणारे माना डोलावतात. ह्युबर्टच्या हातून काही करून घ्यायला मोहन्याहून आता कुणी जात नाही, आणि तो कुणाला काही सांगायला येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना जीव जरूर लावा. पण लावण्याआधी ती वस्तू ज्याने केली त्याला एकदा विचारा, आणि तो सांगत असेल तेव्हा हातातला फोन बाजूला ठेवा. आपल्याला जे पचतं ते दुसऱ्यालाही पचतंच असं नाही. मला एवढंच सांगायचं होतं.

खोबरेलाची बाटली माळ्यावरून खाली आली आहे. कालच शनिवार झाला. गोदाबाईंनी करिश्माची वेणी घातली, मला कपाटातून काढलं, मांडीवर घेतलं आणि उरलेलं तेल माझ्यावर चोळू लागल्या. चोळता चोळता त्या ओठांतल्या ओठांत धवल्याची ओळ गुणगुणत होत्या. हळदीनंतर पहिल्यांदाच. इतकी वर्षं मी देवाकडे वाचा मागत आलो. काल तो समोर उभा राहून देतो म्हणाला असता, तरी मी नको म्हटलं असतं.