लायलने दिलेली हूल

ऑक्टोबर लागला की आमच्या गावातले पालक माझ्याशी फार गोड वागतात. कोणाच्या पोराने कोणत्या कॉलेजात अर्ज करावा हे सांगायची शाळेतली नोकरी माझी, त्यामुळे कोण कुठे चाललंय हे फक्त मला माहीत असतं. मिनेसोटात बर्फ पडायच्या आत माझ्याकडे भोपळ्याचे केक येतात, जॅमच्या बरण्या येतात, एकाने तर स्वतः मारलेल्या हरणाचे सॉसेज आणले होते. मी कोणाला काही सांगत नाही. सॉसेज मात्र खाल्ले.

भानगड असते ती नोव्हेंबरातल्या बांधील अर्जाची. एकाच कॉलेजाला आधी अर्ज करायचा आणि लिहून द्यायचं, की घेतलंत तर तुमच्याकडेच येणार, बाकी सगळ्यांना रामराम. एवढं पदरात पडल्यावर कॉलेजही जरा नरमतं. आणि एका शाळेतून एका कॉलेजात दोघांना कधीच घेत नाहीत, असा आमच्या पालकांचा ठाम समज. त्यामुळे कोणी कोणाला खरं सांगत नाही.

लायल प्रूट शाळेत माझ्याच वर्गात होता. आता दातांचा डॉक्टर आहे, निम्मं गाव त्याच्यापुढे आ वासून बसतं. त्याच्या मुलीला, ग्रीअरला, टेनबी कॉलेज हवं होतं. तिकडे दुसरं कोणी फिरकू नये म्हणून लायलने हूल उठवली, की ग्रीअर वेक्सलेला अर्ज करतेय.

"डॉट, डोकं लागतं याला," तो मला म्हणाला.

"तोंड बंद ठेवायलाही लागतं," मी म्हटलं. त्याला ते झोंबलं नाही.

खुर्चीत बसलेल्या मारेन हाल्व्होर्सनलाही त्याने तेच ऐकवलं. ती बधिर झालेला गाल घेऊन थेट माझ्याकडे आली.

"ग्लीअल वेक्थलेला चाललीय?"

"मारेन, मी सांगू शकत नाही."

"म्हणजे चाललीय! मग माझ्या आल्नेला कोण विचालतंय?"

तिचा आर्ने शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर. वेक्सलेतल्या एक प्राध्यापक बाई विद्यार्थ्यांना ग्रीनलंडला नेऊन बर्फाचा अभ्यास करायला लावतात, म्हणून आर्नेला लहानपणापासून तिथेच जायचं होतं. हे त्याच्या आईला माहीत होतं आणि मला. पण ग्रीअरचे मार्क जास्त. मारेनने तिथल्या तिथे टेनबी ठरवून टाकलं.

"अगं, हे लग्नासारखं आहे. एकदा हो म्हटलं की संपलं. पोराला तरी विचार," मी म्हटलं.

"त्याला काय कलतंय!"

सही करायला आर्ने आला तेव्हा पेन हातात धरून थांबला.

"मॅडम, नंतर नाही म्हणता येतं?"

"फी खरंच झेपत नसेल तरच. तुला नको असेल तर आत्ता सांग. आईशी मी बोलते."

"नको. ती फार दमलीय या सगळ्याने." त्याने सही केली. त्याच्याखाली आईची होती, शेवटी मी केली.

डिसेंबरात निकाल आला. टेनबीला गोलकीपरच हवा होता. आर्नेला घेतलं, ग्रीअरला नाही. लायल माझ्या खोलीत दार न वाजवता घुसला.

"त्या पोराला टेनबीचं नाव कोणी सुचवलं?"

"तू."

"मी?"

"त्याच्या आईच्या तोंडात कापूस कोंबून."

तो मटकन खुर्चीत बसला. ग्रीअरने मात्र गाडीत बसून पोटभर रडून घेतलं आणि बापाला न विचारता बंधन नसलेल्या नेहमीच्या फेरीत पाचसहा ठिकाणी अर्ज टाकले. मार्चमध्ये तिला घेतलं वेक्सलेने.

ते ऐकून मारेन आर्नेला ओढतच घेऊन आली. या वेळी तिचे उच्चार स्वच्छ होते.

"म्हणजे नोव्हेंबरात त्या पोरीने वेक्सलेला अर्ज केलाच नव्हता! डॉट, टेनबीला लिही, आम्हाला परवडत नाही."

"तुमच्या तळ्याकाठच्या घरापुढे दोन बोटी आहेत, मारेन."

"एक विकते!"

"आई, पुरे," आर्ने म्हणाला. त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मी शब्द दिलाय, मी जाणार. आणि खोटं आता पुरे झालं. तू मला एकदा तरी विचारलंस का, मला काय हवंय?"

मारेन पर्स उचलून गाडीत जाऊन बसली. बरोबर बॉक्सभर कागदी रुमाल घेऊन गेली, माझेच.

पुढच्या नोव्हेंबरात आर्ने आणि ग्रीअर दोघं सुटीला गावी आले. बर्फाच्या मैदानावर गाठ पडली. ग्रीअर वेक्सलेच्या नाटकमंडळात रमली होती आणि ग्रीनलंडवाल्या बाईंचं तिने नावही ऐकलं नव्हतं.

"टेनबी कसं आहे रे?" मी आर्नेला विचारलं.

"बरं आहे. जेवण घाणेरडं, पण संघ झकास आहे. मित्रही झालेत."

"आणि बर्फाचा अभ्यास?"

"तो तिथे नाही शिकवत," तो म्हणाला आणि स्केटची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.