कोपरा तुटलेलं फावडं

फुमिएने मासळीचं दुसरं पिंप कमरेचा जोर लावून ओट्यावर चढवलं आणि ती तिसऱ्याकडे वळली, तोवर दाराखालून आत आलेलं गार पाणी तिच्या घोट्यापर्यंत चढलं होतं. तिसऱ्यात ते शिरलंच. नव्या वर्षासाठी भातात मुरत घातलेले ‘हाताहाता’ जातीचे मासे, महिनाभराची मेहनत, सगळं मातीत गेलं. आठवड्यातली ही तिसरी वेळ होती.

"अहो, बघताय ना?"

तोकुझो शेगडीजवळ ओले हातमोजे वाळत घालत होता. "समुद्र खवळलाय," तो म्हणाला. "अजून दोन दिवस बर्फ थांबत नाही."

पहाटे उठून धक्क्यावर समुद्र बघून यायचं, हा त्याचा नेम होता. अलीकडे तो बरंच काही विसरायचा, पण हे मात्र नाही. दारातलं फावडं उचलून फुमिएने गल्लीचा चढ धरला.

गल्लीच्या कडेने रस्त्याखालून पाट जातो. सातला वरून पाणी सुटतं. मग घराघराने आपली जाळी उघडायची, बर्फ फोडून आत टाकायचा, आणि पाणी तो समुद्रात नेतं. कोरड्या पाटात टाकला तर तो तिथेच गोठून बसतो. मग सुटलेलं पाणी रस्त्यावर येतं आणि उतारावरून सगळ्यात खालच्या घरात, म्हणजे फुमिएच्याच घरात घुसतं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. कळत नाही ते फक्त त्या मिनागावाला, असं ती आठवडाभर म्हणत होती. गेल्या उन्हाळ्यात शहरातून येऊन राहिलेला तो एकटा माणूस, आणि पाट तुंबत होता तो दर वेळी त्याच्याच जाळीखाली.

आजही तिथेच तुंबला होता. गल्लीचा प्रमुख होशिना पहारीने बर्फ उपसत होता आणि चार शेजारी फावडी टेकून उभे होते.

"माझी मासळी गेली!" फुमिएने लांबूनच तोंड सोडलं. "पाणी सातला येतं, मिनागावा, सातला! घड्याळ शहरात विसरून आलात का?"

मिनागावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, उताराच्या टोकाकडे एकदा पाहिलं, आणि मान खाली घातली.

"माझी चूक झाली, आजी."

"चूक एकदा होते. तीनदा होतो तो माज! होशिना, यांच्या जाळीला कुलूप घाला. नियम आहे की नाही?"

"आहे," होशिना घाम पुसत म्हणाला. "उद्या पाण्याच्या आधी घालतो. मग थंडी संपेपर्यंत यांनी बर्फ घसरगाडीवरून समुद्रावर न्यायचा."

"न्यावा की! पाठ मोडली म्हणजे अक्कल येईल."

होशिनाने पहार घालून एक मोठा ठोकळा वर काढला. तो घरंगळत फुमिएच्या पायाशी आला. फोडायला म्हणून तिने फावडं उगारलं आणि तिचे हात तिथेच थांबले. ठोकळा चौकोनी होता, सुरीने कापल्यासारखा. त्याच्या एका बाजूने अंगठ्याएवढी बर्फाची धार उभी राहिली होती. फावड्याचा एक कोपरा तुटलेला असला की अशी धार राहते. तिने हातातल्या फावड्याचा तुटका कोपरा पाहिला. शेगडीजवळचे ओले हातमोजे तिला आठवले.

मिनागावा तिच्याकडेच बघत होता.

तिने फावड्याच्या पाठीने तो ठोकळा असा ठेचला, की त्याचा चुरा झाला. मग ती थेट घरी गेली.

दुपारी ती मिनागावाच्या मागच्या दाराशी उभी राहिली. माफी मागायला आली होती, पण जिभेवर भांडणच आलं.

"बोलला का नाहीत? चारचौघांत मला एवढं बोलू दिलंत! आमच्यावर दया करता काय?"

"आजोबा पाचला येतात," मिनागावा म्हणाला. "माझ्या दारातला बर्फ काढून पाटात टाकतात. म्हणतात, तू नवीन, तुला जमायचं नाही. पाणी सातला येतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. ते हसले. म्हणाले, तीस वर्षं पाणी मी सोडतोय, आणि तू मला वेळ सांगतोस?"

फुमिए तशीच मागे वळली.

घरी जाताना मात्र तिचा संताप मावेना. पाटावर पंप आला, पाटकरी नको झाला, पाचची वेळ सातवर गेली. तीस वर्षं वादळवाऱ्यात पाचला पाटाचा दरवाजा उघडणाऱ्या पाटकऱ्याला, तोकुझोला, कळवलं कसं? दाराच्या टपालपेटीत एक छापील कागद टाकून. दार कोणी वाजवलं नाही. आणि तो कागद भिंतीला चिकटवून आपलं काम झालं असं समजली, ती कोण? तीच.

दुसऱ्या दिवशी पाचला तोकुझो उठला, तशी तीही उठली. त्याच्या मागोमाग ती मिनागावाच्या दारापर्यंत गेली. त्याने बर्फ कापला. तिने एकेक ठोकळा उचलून बाजूला रचला आणि जाळीवर पाय रोवून उभी राहिली. साडेसहाला होशिना कुलूप घेऊन आला.

"इथे नाही," फुमिए म्हणाली. "खाली चला, आमच्या जाळीला घाला. तिन्ही वेळा बर्फ आमच्या फावड्याने पडलाय."

"आजी, काय बोलताय? या वयात तुम्ही समुद्रावर घसरगाडी ओढणार?"

"ओढीन. पण आधी मला सांगा, कागद टाकून पाटकरी बदलतात? दार वाजवायला हात मोडले होते का तुमचे? माझंही चुकलं, मीही गप्प बसले. घाला कुलूप!"

होशिनाने तोकुझोकडे पाहिलं. तो गुडघे टेकून, टोपी वर सारून, जाळीला कान लावून बसला होता. त्याच्या भुवयांवर बर्फ साचला होता.

"पाण्याचा आवाज नाही," तोकुझोने मान वर करून दरडावलं. "दीड तास उशीर! वर दरवाजावर कोण आहे आज?"

मिनागावा दारात येऊन उभा राहिला होता. होशिनाने हळूच टोपी काढली.

"मीच," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

"उद्या पाचला," तोकुझो म्हणाला आणि फावड्याचा आधार घेत उठला.

होशिनाने मान डोलावली. कुलूप अजून त्याच्या हातात होतं.