सहावा हात

माझा साडू रंगारी. इतका गरीब, की डास चावला तर त्याला आधी पोटभर पिऊ देईल. अशा माणसाने सूड उगवला, आणि तोही डॉक्टरी पद्धतीने, हे मी सांगतोय म्हणून खरं माना.

अकरा रंगाऱ्यांची त्यांची सहकारी सोसायटी. कामं मुकादम वाटायचा. एकदा घरमालकिणीसमोर साडू बोलून गेला, "मुकादम, हा रंग नमुन्यापेक्षा पिवळट झालाय." बोलणं खरं होतं, तेवढाच त्यातला दोष. दुसऱ्या दिवसापासून भिंती सगळ्यांना आणि छतं याला एकट्याला. चौदा महिने हा मान मागे टाकून डोक्यावर रोलर फिरवत होता.

मग उजवा खांदा बोलू लागला. त्या कुशीवर झोपता येईना. फळीवरचा डबा काढताना ब्रह्मांड आठवे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा तुम्ही हात उचला." तो अर्ध्यातच विव्हळला. मग बाईंनी अलगद उचलला, तर कानाला लागला.

"सांधा मोकळा आहे. हात सतत वर धरून आतल्या स्नायूंच्या दोऱ्या घासल्यात, त्यांना सूज आलीय. बर्फाचा शेक, गोळ्या, आणि सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. ठणका उतरला की व्यायाम."

तपासणीसकट हे सगळं त्यांनी चिठ्ठीत लिहून दिलं. मुकादमाने ती चारचौघांत मोठ्याने वाचली. "दुसऱ्याने उचलला की जातो, स्वतः उचलला की जात नाही? याला आमच्यात नाटक म्हणतात!"

सहा आठवडे साडू डबे घासत बसला. खांदा बरा झाला, पण 'नाटक्या' हे नाव काही बरं झालं नाही. मेहुणीच्या तोंडून एकदा निसटलं, "अहो नाटक्या, जेवायला चला." त्या दिवशी तो जेवला नाही. मला म्हणाला, "भावजी, ज्या तोंडाने नाटक म्हणाला ना, त्याच तोंडाने 'दुखतंय' म्हणायला हवा. सगळ्यांसमोर. बाकी मला काही नको."

दोन वर्षं गेली. एके सकाळी गोदामात मुकादम कामाचा सदरा चढवत होता. आधी उजवी बाही, तीही डाव्या हाताने ओढून. साडू बघतच राहिला. दुखरा हात आधी बाहीत घालायचा, ही युक्ती डॉक्टरीणबाईंनी त्यालाही शिकवली होती.

"तब्येत बरी ना, मुकादम?"

"ठणठणीत! तुझ्यासारखा वाटलो काय?"

साडू कुणापाशी बोलला नाही. रोज मात्र न चुकता तब्येत विचारायचा. मांजर उंदराची विचारत असेल, तितक्याच मायेने.

वर्षाची सभा भरली. मुकादमकी त्याच्याकडेच ठेवायची तर सहा मतं हवीत. उजवा हात, सरळ, डोक्याच्या वर. नियम मुकादमाचाच, कान खाजवणाऱ्यांची मतं मोजली जातात म्हणून त्यानेच केलेला. पाच हात वर गेले. सहावा त्याचा स्वतःचा. तो छातीशी येऊन थांबला.

"ही शपथ झाली, मत नाही," चिटणीस म्हणाला. सभा हसली.

साडू उठला. "थांबा, मी मदत करतो." त्याने मुकादमाचं कोपर धरलं आणि अगदी हळू वर नेलं. हात खांद्यापर्यंतही पोचेना; अख्खा मुकादमच एका बाजूला कलला.

"बघा मंडळी. माझा हात दुसऱ्याने उचलला की जायचा, म्हणून मी नाटक्या. यांचा दुसऱ्यानेही जात नाही. मग हे कोण?"

"सोड!"

"सोडतो की. पण का सोडू?"

"दुखतंय…"

"मागे ऐकू गेलं नाही."

"दुखतंय रे मेल्या! चार महिने दुखतंय!"

साडूने कोपर अलगद खाली ठेवलं, दुकानदार काचेचं भांडं ठेवतो तसं. मुकादमकी गेली, आणि पुढच्या मतदानात ती साडूकडे आली.

डॉक्टरीणबाईंचं निदान निघालं: गोठलेला खांदा. सांध्याचं आवरण सुजून आखडलेलं, आणि त्याला खतपाणी घालायला अंगात साखर. आधी साखर आवरा, एक इंजेक्शन घ्या, आणि दिवसातून तीनदा भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढा. वर्ष-दीड वर्ष लागेल.

साडूने त्याला बसून करायचं काम दिलं. व्यायामाला भिंतही दिली: गोदामाची, सगळ्यांना दिसेल अशी. बोटं जिथे थांबतात तिथे तो स्वतः पेन्सिलीने रेघ मारतो आणि मोठ्याने सांगतो, "आज भिंतीतल्या कडीच्या दोन बोटं खाली! हं, विव्हळा, विव्हळा. नाटक म्हणणार नाही कुणी."

परवा मेहुणी म्हणाली, "अहो, पुरे करा आता. सकाळी एकदा झालं की बास."

साडू पेन्सिलीला टोक करत होता. "बाईंनी तीनदा सांगितलंय. औषध कमी करणारा मी कोण?"