खिशातला वाटाणा

“बाबा, त्यांना मीठ द्यायला सांगा,” मुलगी म्हणाली. ‘त्या’ हातभर अंतरावर बसल्या होत्या. बाबांनी निरोप पोचवला आणि बाईंनी मीठ पुढे केलं.

मुलीची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांनी यंदा, भीत भीत, दुसरं लग्न केलं होतं. तेव्हापासून मुलीने नव्या बाईंना कशानेच हाक मारली नव्हती. आज जेवून ती नोकरीच्या गावी परत निघणार होती. निघण्याआधी तिने एकदा तरी हाक मारावी, एवढ्यासाठी बाबांचा जीव वरखाली होत होता.

बाबांनी जन्मभर प्रयोगशाळेत चिकणमातीची वर्गवारी केली. माणसांचं काही बिनसलं की ते मातीचा आधार घेत. आजही त्यांनी ताटात पावाचा काप ठेवला आणि भाजीतले वाटाणे त्यावर ओळीने मांडले.

“हा मातीतला एक थर. हे सिलिकॉनचे अणू. त्यातला एक जातो आणि त्याच्या जागी ॲल्युमिनियम येऊन बसतं.” एक वाटाणा बाजूला काढून त्यांनी तिथे गाजराचा तुकडा ठेवला. “घडण तीच राहते. फक्त विद्युतभार जरा कमी पडतो.”

“म्हणजे मी गाजर,” बाई म्हणाल्या. “तेही कमी पडणारं.”

मुलीने हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. करायला गेलो काय आणि झालं काय, असं बाबांना झालं.

“अगं, तसं नाही! कमी असते म्हणून तर दोन थरांच्या मध्ये पोटॅशियम येतं आणि दोघांना धरून ठेवतं. अभ्रक तसाच टिकतो. शंखजिऱ्यात, म्हणजे टाल्कम पावडरीच्या दगडात, अशी अदलाबदलच नसते, म्हणून ते चिमटीत घसरतं.” बाबा मुलीकडे वळले, त्यांचा आवाज उतरला. “ती कमी माझ्यात आहे. तुझी आई गेल्यापासून आहे.”



“पण हाक काय मारू?” शेवटी मुलगी म्हणाली. “तुम्हीच सांगायचात ना, नमुना भिजवून आणि तापवून पाहिल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही म्हणून?”



“काल तुझे कपडे धुताना भिजले,” बाई शांतपणे म्हणाल्या, “आणि आज तुझा डबा करताना हे.” त्यांनी बोट पुढे केलं. त्यावर टपोरा फोड आला होता.

मुलगी उठली. आतून मलम आणून तिने खाली मान घालून ते बोटाला लावलं. मग पिशवी उचलून दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, “मावशी, रात्री पुन्हा लाव हं. विसरू नकोस.”

दार लागलं. डोळे पुसून बाबा ताटं उचलायला लागले. पाव आणि गाजर त्यांनी टाकून दिलं. बाजूला काढलेला वाटाणा मात्र त्यांना टाकवेना. बाईंची पाठ वळलेली बघून त्यांनी तो हळूच सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“असू द्या खिशात,” बाई न वळता म्हणाल्या. “फक्त सदरा धुवायला टाकाल तेव्हा आठवणीने काढा.”