बुडबुडे आलेच नाहीत

तांब्याचा पत्रा ट्रेमध्ये सोडून पंधरा मिनिटं झाली, तरी एक बुडबुडा उठेना.

घरातल्या थोरल्या सुनेने वाकून पाहिलं. आठ वर्षं मागच्या गॅलरीत ती हेच करत आली होती. पत्र्यावर काळ्या मेणाचा लेप द्यायचा, सुईने नक्षी ओढून तेवढंच तांबं उघडं पाडायचं आणि पत्रा ऍसिडात सोडायचा. लेपाखालचं वाचतं, उघडं पडलेलं खाल्लं जातं. पाचव्या मिनिटाला रेघांवर बुडबुडे धरतात, ते कबुतराच्या पिसाने सारायचे. आज पीस हातात होतं, पण सारायला काही नव्हतं.

सुई तांब्यापर्यंत पोचली नसेल? तिने तांब्याचा कोरा तुकडा टाकला. ढिम्म. चिमूटभर सोडा टाकला. ऍसिडात सोडा कसा फसफसून वर येतो! हा मुकाट तळाला गेला आणि विरघळला.

पाणी. नुसतं पाणी.

बाटली तीच होती, तिच्यावरची चिठ्ठी तीच, आणि कपाटाला कुलूपही होतं.

"आई, माझ्या कपाटाची किल्ली कुणी घेतली?"

सासू वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "धाकट्याने मागितली सकाळी."

"कशाला?"

"तुझी जाऊ तीन महिने माहेरी जाऊन बसलीय. वर वकिलाचा कागद पाठवते! पोरगं झुरून अर्धं झालं. नुसतं दाखवायला नेलंय गं. ओततोय थोडाच!"

थोरलीला आठवलं. गेल्या आठवड्यात दीर गॅलरीत स्टुलावर बसून विचारत होता, "वहिनी, तांब्याची ही गत, तर चामडीची काय होईल?" आणि ही शहाणी, हसत हसत सगळं सांगत बसली होती!

तिने जावेला फोन लावला.

"ताई, बरं झालं फोन केलात," जाऊ म्हणाली. "हे आलेत. दाराबाहेर उभे आहेत. थर्मास आणलाय. चहा पिऊन मिटवून टाकू म्हणतात. घरात मी एकटीच आहे, काय करू?"

"दार उघडू नकोस! त्यात चहा नाही, ऍसिड आहे. माझं ऍसिड! कडी लाव, आतल्या खोलीत जा, तिचीही कडी लाव. मी पोलिसांना कळवते."

पलीकडे कडी सरकल्याचा आवाज आला. मग दारावर लाथ बसली, मग आणखी एक, आणि फोन तुटला.

सासू वाटाणे सांडत उठली आणि तिने थोरलीचं मनगट धरलं. "पोलीस नकोत. घरची गोष्ट आहे, पोराचा जन्म वाया जाईल."

थोरलीने उलट तिचाच हात पकडला, ओढत गॅलरीत नेला आणि ट्रेवर धरला.

"बुडवा. नुसतं दाखवते."

म्हातारी किंचाळली. सगळ्या अंगाचा जोर लावून तिने हात सोडवला, पदरात गुंडाळला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. ट्रेमध्ये पाणी आहे हे तिला कुठे ठाऊक होतं!

थोरलीने पोलिसांचा नंबर फिरवला. आधी जावेचा पत्ता सांगितला. मग दिराचं नाव, आडनावासकट.