डावी बाजू

“डावीकडं ट्रॅक्टर हाय बघा, कापसाचा. केवढा भरलाय!” आशाबाई म्हणाल्या, आणि साहेबरावांनी स्टिअरिंग हलकेच उजवीकडे घेईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.

ट्रॅक्टर मागे पडला. चौक्याचा घाट केव्हाच संपला होता. अजिंठ्याला आशाबाईंच्या भावाकडे भाचीचा, दीपमालाचा साखरपुडा होता. गारखेड्यातून दोघं आठलाच निघाले होते. आशाबाईंनी एका हातानं दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. मांडीवरच्या पिशवीतली साडी घसरून पायाशी पडली, तरी वाकून ती उचलायची त्यांची छाती होत नव्हती.

“बाभळीखाली दोन पोरी उभ्या हायत. शाळेच्या असतील.”

“हं.”

“आणि त्यांच्या म्होरं एक मोटारसायकल.”

एरवी आशाबाई अबोल. पाहुण्यांत बसल्या तरी विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र गाडीत बसलं की त्यांचं तोंड थांबत नसे. साहेबरावांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहा दोनदा सांडला होता. दाराच्या चौकटीवर त्यांचा डावा खांदा आपटायचा. गुलमंडीवर तर सख्खा मावसभाऊ डावीकडून हाक मारत जवळ आला, तरी ते समोर बघत चालतच राहिले.

“एकदा डोळे दाखवून या,” आशाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

“अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली. गाडीला एक ओरखडा नाय,” एवढंच ते बोलले. मग फडकं घेऊन गाडी पुसायला गेले.

लेकीच्या, तनुजाच्या कानावर घातलं असतं, तर तिनं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. निवृत्त झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी गाडी पुसतो, गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात, कुणाला स्टेशनवर सोडून येतो. तेही गेलं तर दिवसभर करणार काय? म्हणून आशाबाईंनी तनुजाला सांगितलं नाही. त्या गाडीत बोलू लागल्या. डावीकडचं झाड, डावीकडचा माणूस, डावीकडची म्हैस. त्यांना वाटे, यांना कळत नाही, पण निभतंय. घरी पोचल्यावर मात्र हाताची बोटं कितीतरी वेळ गार असायची.

फुलंब्री ओलांडली आणि पिशवीतला फोन वाजला. तनुजाच होती.

“आई, कुठवर आलात? मामी विचारतेय, हळदीकुंकवाचं ताट तू आणतेयस ना?”

“आणलंय गं. मागच्या शिटावर...”

आशाबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. ताटावरचा रुमाल सरकला होता. तेवढंच. मान पुन्हा समोर वळली, तेव्हा काचेच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या पाल्याचा भारा दिसला, आणि भाऱ्याच्या पुढे पांढरा फेटा.

“अहो, सायकल!”

ब्रेक करकचून लागला. ताट मागे खणखणलं. भारा काचेवरून सरकला आणि दिसेनासा झाला.

दार कसं उघडलं ते आशाबाईंना कळलं नाही. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. तिच्या पलीकडच्या, पाणी जायच्या चारीतून एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठत होता. धोतर फाटलं होतं, कोपर सोलवटलं होतं. बाकी धड होता.

“लागलं का हो? बसा, बसा तुम्ही...”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्याची नजर साहेबरावांवर होती. ते गाडीला वळसा घालून येत होते.

“दिवसाढवळ्या दिसत नाय का रं तुला? एवढा भारा दिसला नाय?”

 साहेबरावांनी सायकल उभी केली, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि वाकडं झालेलं हँडल जोर लावून सरळ केलं. मग सायकल तशीच धरून उभे राहिले.

“नाय दिसत,” ते म्हणाले.

“काय?”

“डाव्या अंगाचं नाय दिसत मला. वरीस होत आलं.”

 आशाबाईंच्या हातातल्या फोनमधून तनुजा ‘आई, आई’ करत होती. त्यांनी तो बंद केला.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“माझेच डोळे हायत ते.”

“मग चालवत कशाला ऱ्हायलात?”

साहेबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. नीट दिसावं म्हणून मान जरा डावीकडे वळवून.

“तू सांगत होतीस की सगळं,” ते म्हणाले.

आशाबाई खाली बसल्या. विखुरलेला पाला गोळा करू लागल्या. त्यांनी एकेक डहाळी उचलली, भाऱ्यात खोचली, आणि दोरीला दोन गाठी मारल्या. मग उठून त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. साहेबरावांनी किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

आशाबाईंनी किल्ली गाडीला लावून दिली, साहेबरावांनी खिडकीतून स्टिअरिंग धरलं आणि थोडं पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत तिघांनी गाडी ढकलत नेली. तिथून आशाबाईंनी तनुजाला फोन लावला, आणि पहिली रिंग जाताच तो साहेबरावांच्या हातात दिला. ते पाठमोरे होऊन बराच वेळ बोलत होते. मधेच त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

एसटीचा थांबा पुढच्या फाट्यावर होता. म्हाताऱ्याचं नाव कडूबा, वस्तीही तिकडेच. दुखऱ्या पायानं सायकल ढकलत तो त्यांच्यासोबत निघाला. डांबराच्या कडेची पांढरी पट्टी आणि चारी यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. तिघं एकामागे एक चालले.

मागून ट्रक आला. हॉर्न वाजला, वाऱ्याचा झोत अंगावर आला, आशाबाईंचा पदर उडाला. साहेबराव दचकून चारीकडे सरकले आणि ट्रक दूर जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

“एवढ्या जवळून जातात व्हय?” त्यांनी विचारलं.

“रोजच,” कडूबा म्हणाला, आणि सायकल ढकलू लागला.